मिरगीच्या संशोधनाची पावती कोण फाडणार?

रमजानचा शेवटचा अशरा लागला की आमच्या मालेगावात पावतीपुस्तके घेऊन माणसे दारोदार फिरू लागतात. मदरशाची पावती, यतीमखान्याची पावती, मस्जिदीच्या बांधकामाची, रुग्णवाहिकेची, डायलिसिसची. देणारेही देतात. लूमवर बारा तास उभा राहणारा कामगारसुद्धा खिशात हात घालतो आणि पन्नास-शंभर काढून देतो. या देण्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट अभिमान आहे. पण इतक्या वर्षांत एखादा आजार समजून घेण्यासाठी, त्यावरच्या संशोधनासाठी फाडलेली एकही पावती माझ्या दारात आलेली नाही. औषधासाठी येते, ऑपरेशनसाठी येते, शोधासाठी येत नाही. आणि ज्या आजाराला आपण घरात मिरगी म्हणतो, मराठीत अपस्मार किंवा फेफरे म्हणतो, त्याच्या नावाने तर औषधाचीही पावती क्वचितच निघते.

माझे म्हणणे सरळ आहे. गरीब रुग्णाला औषध घेऊन देणे हे सवाबचे काम आहेच. पण जे औषध अजून सापडलेलेच नाही, ते कितीही पावत्या फाडल्या तरी विकत घेता येत नाही. ते शोधावे लागते आणि शोधायला पैसा लागतो. कंपन्या पैसा तिथे घालतात जिथे पुढे विकायला काहीतरी हाती येईल. जिथे विकण्यासारखे काही नाही, तिथे एक तर सरकारने पैसा घालायचा किंवा दान करणाऱ्यांनी. म्हणून आपल्या सदक्याचा, लिल्लाहचा, वक्फच्या उत्पन्नाचा एक लहानसा वाटा अपस्मारावरच्या संशोधनाकडे गेला पाहिजे, असे मला वाटते.

आधी या आजाराविषयी थोडे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलत असतात. एरवी हे बोलणे शिस्तीत चालते. झटका येतो तेव्हा पुष्कळ पेशी एकाच वेळी बोलू लागतात, जसा बाई वर्गाबाहेर गेल्यावर साठ मुलांचा एकदम गलका होतो. कधी हा गलका एका बाकापुरता राहतो, म्हणजे माणूस नुसता शून्यात बघत बसतो किंवा एक हात उडतो. कधी तो सगळ्या वर्गात पसरतो आणि माणूस कोसळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान झाले आणि गोळ्या नियमित घेतल्या, तर १०० पैकी ७० जण झटक्यांशिवाय जगू शकतात. म्हणजे डॉक्टर, मशीन, औषध सगळे मिळूनही ३० जणांचे झटके उरतात. शिवाय साधारण निम्म्या रुग्णांमध्ये आजाराचे कारणच सापडत नाही. संशोधन हवे ते या उरलेल्यांसाठी आणि या न सापडलेल्या कारणांसाठी.

काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी तास चालू असताना खाली पडली. कुणी चप्पल हुंगवायला धावले, कुणी कांदा आणायला. मी तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली दुपट्टा ठेवला, तोंडात काही घालू दिले नाही आणि घड्याळाकडे बघत बसले. दोन मिनिटांत झटका थांबला. करायचे असते ते एवढेच. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला तर मात्र वाट न बघता दवाखाना. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. मला वाटले, औषधाबद्दल काही विचारेल. ती म्हणाली, "मॅडम, किसी को बोलना मत, कल को इसका रिश्ता नहीं आएगा." मुलगी तेरा वर्षांची होती. आधीच्या शाळेने तिला 'बरी होईपर्यंत घरीच ठेवा' असे सांगितले होते, हेही त्या दिवशी कळले.

ही लपवालपवी फक्त आपल्यातच आहे असे नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींत वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीच्या लग्नाला १९९९ पर्यंत आडकाठी होती. इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्यासाठी झगडा केला, तेव्हा ती अट निघाली. आपल्या शरीअतमध्ये अशी अट कधीच नव्हती, तरी व्यवहारात आपण ती पाळतोच. खरे तर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत मिरगी असलेल्या एका स्त्रीचा प्रसंग आहे. ती उघडपणे रसूलुल्लाह (स.) यांच्याकडे आली, आजार सांगितला, दुआ मागितली. सब्र केलास तर जन्नत, हवे तर बरे होण्यासाठी दुआ करतो, असे तिला सांगण्यात आले. तिने सब्र निवडले, पण झटक्यात अंगावरचे कपडे विस्कटू नयेत एवढी दुआ मागून घेतली. इब्ने अब्बास (रजि.) पुढे तिच्याकडे बोट दाखवून ही जन्नती स्त्री आहे असे आपल्या शागिर्दाला सांगतात. तिने काही लपवले नव्हते आणि कुणी तिला घरी बसवलेही नव्हते.

लपवण्याचा आणि निधीचा थेट संबंध आहे, म्हणून एवढे लिहिले. किडनीच्या रुग्णाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, कॅन्सरच्या मुलासाठी जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली जाते. मिरगीचा फोटो कुणी पाठवत नाही. ज्या आजाराचे नाव कुणी घेत नाही, त्याच्या नावाने पावती कशी निघणार? जिथे आई-बाप उघडपणे बोलले, तिथे पैसा उभा राहिला आहे. अमेरिकेत सुसान ॲक्सलरॉड यांच्या मुलीला अगदी तान्हेपणापासून झटके येत होते आणि एकामागून एक औषधे निकामी ठरत होती. त्यांनी आणि इतर काही पालकांनी १९९८ मध्ये शिकागोत संस्था काढली. रुग्णांना मदत वाटण्यापेक्षा संशोधनालाच पैसा द्यायचा, हे या आयांनी ठरवून केले.

दानाच्या पैशाने या आजारात काय घडू शकते, याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण आहाराच्या उपचाराचे आहे. ते जरा सविस्तर सांगते.

उपाशी राहिल्यावर काही रुग्णांचे झटके कमी होतात, हे लोकांच्या फार पूर्वी लक्षात आले होते. १९११ मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी त्यावर लिहिले. पुढे अमेरिकेत बॅटल क्रीक या गावी (हे कॉर्नफ्लेक्सचे गाव) ह्यू कॉंकलिन नावाचा एक ऑस्टिओपॅथ मुलांना दिवसेंदिवस नुसत्या पाण्यावर ठेवून झटक्यांवर उपचार करू लागला. त्याचे सिद्धान्त चुकीचे होते, आतड्यातल्या विषाने झटके येतात असे तो म्हणे, पण काही मुलांना फरक पडत होता. चार्ल्स हाउलँड या न्यूयॉर्कच्या श्रीमंत वकिलाचा मुलगा त्याच्याकडे उपचार घेत होता. या बापाने मग जे केले, ते मला फार मोलाचे वाटते. त्याने कॉंकलिनच्या दवाखान्याला नवी इमारत बांधून दिली नाही. त्याचा भाऊ जॉन हाउलँड हा जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगांचा प्राध्यापक होता. १९१९ मध्ये त्याने भावाला ५,००० डॉलर दिले आणि सांगितले, उपाशी ठेवल्याने झटके का कमी होतात याचा शास्त्रीय शोध घे.

त्या पैशातून प्रयोगशाळेत काम सुरू झाले. जेम्स गॅम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशी मुलांच्या शरीरातले पाणी आणि क्षार काटेकोरपणे मोजले. अपस्माराचे कोडे काही सुटले नाही. पण शरीरातून पाणी जाते तेव्हा सोबत कोणते क्षार किती जातात, याचे ज्ञान त्या मोजमापातून उभे राहू लागले आणि जुलाबाने सुकलेल्या मुलांना सलाइन कसे द्यायचे, हे शास्त्र पुढे त्याच पायावर वाढले. मिरगीसाठी दिलेला पैसा जुलाब झालेल्या मुलांच्या कामी आला. देणाऱ्या वकिलाच्या हे स्वप्नातही नसेल.

इकडे १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी विचार मांडला की माणसाला कायम उपाशी तर ठेवता येत नाही. मग भरपूर स्निग्ध पदार्थ आणि अगदी कमी पीठ-साखर असा आहार दिला, तर शरीर उपाशी असल्यासारखे चरबी जाळू लागेल. त्यालाच कीटोजेनिक आहार हे नाव मिळाले. काही वर्षे तो चालला. १९३८ मध्ये फेनिटॉइन ही गोळी आली आणि आहार हळूहळू मागे पडला. यात कुणाचा कट वगैरे नव्हता. गोळी देणे सोपे होते, आहार मोजून शिजवणे अवघड होते. पण एक गोष्ट खरी की तूप, लोणी, मलई यांचे पेटंट घेता येत नाही. ज्याचे पेटंट नाही त्याच्या चाचण्यांवर पैसा घालायला कोणती कंपनी पुढे येणार?

पुढची जवळपास पन्नास-पंचावन्न वर्षे हा उपचार मोजक्या रुग्णालयांत कसाबसा तग धरून राहिला. १९९३ मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहानग्या चार्लीला झटके सुरू झाले. औषधे झाली, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली, उपयोग शून्य. वाचनालयात स्वतः पुस्तके चाळताना बापाला या आहाराची माहिती सापडली. मुलाला जॉन्स हॉपकिन्समध्ये नेले, आहार सुरू झाला आणि काही दिवसांत झटके थांबले. इथे अनेक आई-बाप अल्लाहचे किंवा देवाचे आभार मानून घरी गेले असते. अब्राहम्स यांनी १९९४ मध्ये मुलाच्या नावाने संस्था काढली आणि तिच्या पैशातून सात केंद्रांवर एकत्रित अभ्यास झाला. ५१ मुले होती, निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. एका वर्षाने, सुरुवात केलेल्यांपैकी ४० टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले होते. मधेच आहार सोडणारेही पुष्कळ होते, हेही त्यात लिहिलेले आहे. मला तो प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो. मग २००८ मध्ये लंडनहून आणखी कडक चाचणी आली. १४५ मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. तीन महिन्यांनी आहारवाल्या गटातल्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, दुसऱ्या गटात ६ टक्क्यांचे. त्या चाचणीला पैसा देणाऱ्यांतही धर्मादाय संस्था होत्या.

आपल्या देशातही हे काम पुढे गेले. कीटोजेनिक आहार सांभाळायला फार कठीण, म्हणून त्याचा थोडा सैल प्रकार दिल्लीच्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या १०२ मुलांवर तपासला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. आहार घेणाऱ्यांत ५२ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त घटले, न घेणाऱ्यांत ११.५ टक्के. आज एखाद्या डॉक्टरने आपल्या मुलाला हा आहार सुचवला, तर त्यामागे एवढा सगळा प्रवास आहे. मधली कित्येक दशके तो रखडला, कारण पैसा घालणारे कुणी नव्हते.

इथे थांबून एक स्पष्ट सांगते. हे वाचून कुणी 'रोजा ठेवला की मिरगी जाते' असा व्हिडिओ बनवू नये. रोजा ही इबादत आहे, कीटोजेनिक आहार नव्हे. इफ्तारीला खजूर आणि शरबत घेतले की तो हिशेब तिथेच संपतो. आणि हा आहारसुद्धा डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीशिवाय करायचा नसतो.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पहिला झटका आल्यावर सीटी स्कॅन काढला आणि मेंदूत एक बारीकशी गाठ दिसली, असे भारतातल्या असंख्य रुग्णांत होते. पूर्वी ती टीबीची गाठ धरून महिनोन्‌महिने टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या शल्यचिकित्सकांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिले की त्यामागे डुकराच्या फीतकृमीची अळी आहे. अनेकांच्या बाबतीत ती गाठ आपोआप विरते. किती लोकांची टीबीची नको ती औषधे या एका शोधाने वाचली असतील! ही संस्था आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केली आणि ती देणग्यांवर उभी राहिली. ख्रिस्ती मिशनच्या पैशातून झालेल्या या कामाचा फायदा मालेगावच्या मुसलमानाला होतो.

'डुकराचा कृमी' वाचून आपल्यातले अनेक जण सुटकेचा श्वास सोडतील, आपल्याला कसला धोका म्हणून. धोका आहे. कच्चे-अर्धकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या पोटात कृमी वाढतो, पण मेंदूत अळी जाते ती कृमीच्या अंड्यांमुळे. ती अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, सांडपाण्यावरची भाजी, दूषित पाणी यांतून कुणाच्याही पोटात जातात. डुकराला शिवतही नाहीत अशा न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यू कुटुंबांत हा आजार आढळला होता, १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. म्हणजे पालक-कोथिंबीर नीट धुण्याचा सल्ला हासुद्धा संशोधनाचाच एक निकाल आहे.

आता आपले स्वतःचे प्रश्न बघा, जे दुसरे कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही. झोप मोडली की अनेकांना झटका येतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत हजारो माणसे लूमवर रात्रपाळी करतात. फिरत्या पट्ट्याशेजारी झटका आला तर काय होते, हे आमच्या गावात कुणाला सांगायला नको. रात्रपाळी आणि झटके यांचा हिशेब आमच्या लूमवर कुणी मांडेल का? रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोपेचे तुकडे होतात आणि दिवसातून तीनदा घ्यायची गोळी दोनवर येते. आजाऱ्याला रोजातून सूट आहे, ती कुरआननेच दिली आहे. तरी लोक रोजा ठेवतात आणि दुपारची गोळी कुणाला न विचारता सोडून देतात. कोणत्या रुग्णाने रोजा ठेवूच नये, कुणाचे औषध दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीत बदलता येईल, याचे उत्तर मौलानांना एकट्याने देता येत नाही आणि डॉक्टरलाही अंदाजाने देता येत नाही. आपल्याच रुग्णांची नोंद ठेवून ते मोजावे लागेल. या कामाला अवाढव्य प्रयोगशाळा लागत नाही. एक मेंदूरोगतज्ज्ञ, एक-दोन प्रशिक्षित मुली घरोघरी जाऊन वही भरणाऱ्या, एखादा आकडेशास्त्राचा जाणकार, एवढ्यावर चांगली सुरुवात होते.

नुसत्या वहीने काय होते, हे केरळने दाखवले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंदवही ठेवली जाते. (या संस्थेची पहिली इमारत त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ मध्ये दान दिली होती.) कोणती गोळी घेणाऱ्या आईचे बाळ कसे जन्मले, पुढे कसे वाढले, हे वर्षानुवर्षे पाहिले जाते. जगभरच्या अशा नोंदींमुळेच आज ठामपणे सांगता येते की सोडियम व्हॅल्प्रोएटने बाळात जन्मजात दोष येण्याचा धोका इतर अनेक गोळ्यांपेक्षा जास्त आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या अम्मीने लग्नाआधी लपवायचे नव्हे, डॉक्टरला विचारायचे ते हे. (गोळी आपल्या मनाने बंद मात्र कुणी करायची नाही. अचानक बंद केली तर जिवावर बेतते.)

मग पैसा कोणत्या खात्यातून द्यायचा? मी आलिमा नाही आणि हा फतवा नाही. जकातीचे आठ हक्कदार सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत आणि हनफी मतानुसार जकात गरजू माणसाच्या मालकीत जावी लागते. त्यामुळे जकात ईईजी मशीनवर किंवा संशोधकाच्या पगारावर लावा, असे मी म्हणत नाही. ती गरीब रुग्णाच्या गोळ्यांवर लागू द्या, तिथेही गरज मोठी आहे. मात्र नफली सदका, लिल्लाह आणि वक्फ यांना एवढी बंधने नाहीत. माणसाच्या मृत्यूनंतरही ज्याचा सवाब चालू राहतो त्या गोष्टींत सदका-ए-जारिया आहे आणि लोकांच्या उपयोगी पडणारे इल्मही आहे. संशोधनाला दिलेल्या पैशात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, असे मला वाटते. कैरोचे मन्सूरी रुग्णालय १२८४ च्या सुमारास सुलतान कलावूनने वक्फवर उभे केले. रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येते हे ओळखणारे इब्न अल-नफीस यांनी मरताना आपले घर आणि आपला ग्रंथसंग्रह त्याच रुग्णालयाला दिला. नुसते घर नव्हे, ग्रंथही.

मुंबईचे उदाहरण तर आणखी नेमके आहे. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ट्रस्ट केला आणि उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगभरात कुठेही चाललेल्या ल्युकेमियाच्या संशोधनाला दिला जावा असे ठरवले. रुग्ण पारशी हवा की भारतीय, असली अट नाही. तेव्हा या आजारावर हाती काहीच इलाज नव्हता, म्हणून तर त्यांनी शोधाला पैसा दिला. आपल्यातही अशी नजर असणारे आहेत. मुंबईत १९३५ मध्ये सिप्ला सुरू करणाऱ्या ख्वाजा अब्दुल हमीद यांचे चिरंजीव यूसुफ हमीद यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाला एवढे दिले की २०२० पासून तो विभाग त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हा विषय मी घरी आणि शिक्षकांच्या खोलीत काढला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला, आधी भुकेल्याला जेवू घाला, संशोधन नंतर. हा आक्षेप मी हलका समजत नाही. आपल्याकडे कितीतरी रुग्णांपर्यंत असलेले औषधसुद्धा पोहोचत नाही. पण ते का पोहोचत नाही, माणूस दर्ग्यावर आणि आमिलकडे दोन वर्षे घालवून मग डॉक्टरकडे का येतो, सहा महिन्यांनी गोळ्या का सोडतो, हेही शोधूनच काढावे लागेल. आणि मी भुकेल्याच्या ताटातला घास मागत नाही. एका मस्जिदीच्या एका मिनारावर चढणाऱ्या चकचकीत फरश्यांपैकी काही मागते आहे. दुसरा आक्षेप, हे सरकारचे काम. आहेच. सरकारकडे मागत राहावे. पण सरकार करील म्हणून आपण शाळा, यतीमखाने, दवाखाने काढायचे थांबलो नाही, मग इथेच का थांबायचे?

मला खरी भीती वेगळीच आहे. उद्या 'मिरगी रिसर्च फंड' नावाचे पावतीपुस्तक छापून कुणीही फिरेल. या आजाराभोवती फसवणूक जुनीच आहे. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत फिनोबार्बिटोन ही साधी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली अनेकदा सापडली आहे. म्हणून पैसा व्यक्तीच्या हातात नको, नोंदणीकृत संस्थेला किंवा मेडिकल कॉलेजला चेकने द्यावा. मागणाऱ्याला विचारावे की तुमचा प्रश्न नेमका काय आहे, तो बाहेरच्या जाणकारांनी तपासला का, नैतिकता समितीची परवानगी आहे का, उत्तर 'नाही' असे आले तरी छापणार का. रुग्णांवर एखादे औषध किंवा उपचार तपासून पाहायचा असेल, तर अशा चाचणीची भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत आगाऊ नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे. ती नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. जमातच्या हिशेबनिसाला ती बघणे जमत नसेल, तर आमच्या बारावी सायन्सच्या मुलींना सांगा. दहा मिनिटांत शोधून देतील.